घरातला छोटा शोध दुसऱ्याच्या हाती नीट कसा द्यायचा

एप्रिल लागला की नागपुरात कूलरच्या युक्त्या घरोघरी फिरू लागतात. कुणी सांगतं टाकीत बर्फ टाका, कुणी म्हणतं समोरची खिडकी उघडी ठेवा, कुणाच्या मते जुन्या खसच्या ताट्यांची सर कशालाच नाही. हिवाळ्यात संत्र्याच्या बासुंदीचं असंच होतं आणि फाल्गुनात पळसाच्या रंगाचं. सांगणारा मनापासून सांगतो, ऐकणारा हौसेने करून बघतो, आणि बरेचदा जमत नाही. मग "त्यांच्याकडे झालं, आपल्याकडे नाही होत" असं म्हणून ती युक्ती तिथेच विसरली जाते.

मला याची फार हळहळ वाटते. कारण युक्ती बहुतेक वेळा खोटी नसते, तिचं निम्मं सांगायचं राहून गेलेलं असतं. किती घ्यायचं, कोणत्या महिन्यात, कोणत्या भांड्यात, आणि मुख्य म्हणजे ती कुठे चालत नाही. एवढं सोबत गेलं की तीच युक्ती इतवारीतल्या घरातून प्रतापनगरच्या फ्लॅटमध्ये जाऊनही चालते. ते सोबत कसं द्यायचं, हे कूलर, बासुंदी आणि पळस या तीन उदाहरणांवरून पायरी पायरीने सांगतो.

पायरी १: आधी टिपा, मग बोला

काही नवं जमलं की लगेच चार जणांना सांगावंसं वाटतं. थोडं थांबा आणि आधी लिहून ठेवा. ओट्याजवळ एक छोटी वही आणि दोरीला बांधलेलं पेन असलं की पुरे. हात पिठाचे असतील तर फोनवर आवाज रेकॉर्ड करा, पण रात्री तो वहीत उतरवा. रेकॉर्ड केलेले आवाज महिन्याभराने कुणीच ऐकत नाही.

नोंदीत तारीख हवी, काय केलं ते हवं, प्रमाण हवं. आणि "दिसलं" व "वाटलं" या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळींवर हव्यात. "दुधात बारीक कण आले" हे दिसलेलं. "संत्री आंबट असावीत" हे वाटलेलं. दोन्ही एका वाक्यात मिसळलं की पुढे आपलं आपल्यालाच कळत नाही की खरं काय घडलं होतं.

नागपुरात आणखी दोन गोष्टी लिहाव्याच लागतात. पहिली हवा: इथला मे आणि इथला जुलै म्हणजे दोन वेगळी गावं आहेत. वाळवण, आंबवण, कूलर, रंग सुकणं, सगळं त्यावर ठरतं. दुसरी पाणी: नळाचं की बोअरचं? जड पाण्यात डाळ शिजायला वेळ घेते आणि कूलरच्या जाळीवर पांढरा थर धरतो. बोअरच्या पाण्यावर काढलेला निष्कर्ष नळाच्या पाण्याला लागू पडेलच असं नाही.

पायरी २: एका वेळी एकच गोष्ट बदला

इथे बासुंदीचं उदाहरण घेऊ. संत्र्याचा रस टाकला की दूध फाटतं, हे सर्वांना माहीत. तरी नागपुरात संत्रा बासुंदी होते आणि छान होते. मग फरक कशाने पडतो? कुणी म्हणतं साखर जास्त हवी, कुणी म्हणतं दूध जास्त आटवायला हवं, कुणी म्हणतं संत्री गोड हवीत. तिन्ही गोष्टी एकदम बदलून बासुंदी जमली, तर नेमकं कशामुळे जमली ते सांगता येणार नाही.

त्याऐवजी तीन वाट्या घ्या. तिन्हींत एकाच पिशवीतलं १०० मिलिलिटर दूध. एक वाटी कडक गरम, एक खोलीच्या तापमानाची, एक फ्रिजमधून काढलेली. तिन्हींत एकाच संत्र्याचा २ टेबलस्पून रस घाला, हलवा, आणि बघत राहा. गरम वाटीत लगेच कण दिसू लागतात. थंड वाटी बराच वेळ सलग राहते. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन आंबटपणा वाढला की गोळा होऊन गुठळ्या धरतं, आणि उष्णतेत हे झपाट्याने घडतं. म्हणजे मुख्य चावी तापमानाची आहे. बासुंदी पूर्ण थंड करून वाढायच्या आधी गर घालायचा, एवढं कळलं की बाकीचं चवीपुरतं उरतं.

तापमानाचं उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न सुचतो: गर न घालता वास कसा आणायचा? संत्र्याचा वास मुख्यतः सालीतल्या तेलाचा असतो, आणि ते तेल आंबट नसतं. म्हणून किसलेली साल गरम दुधातही चालते. फक्त केशरी भाग किसायचा, खालचा पांढरा थर कडवटपणा आणतो. फळ आधी कोमट पाण्यात चोळून धुवा, कारण बाजारातल्या फळावर फवारणीचा अंश किंवा मेणाचा थर असू शकतो.

कोणत्या बहाराची, म्हणजे कोणत्या फुलोऱ्याची, संत्री वापरली तेही लिहा. आंबिया बहाराची साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन एक असलं तरी प्रत्येक फळाचा आंबटपणा सारखा नसतो. हंगामाच्या सुरुवातीचं हिरवट फळ आणि पूर्ण पिकलेलं फळ यांत बराच फरक पडतो.

प्रमाणाबद्दल एक सोपा उपाय. प्रत्येक घरातली वाटी वेगळी असते, त्यामुळे "एक वाटी" म्हणजे काहीच सांगितलं नाही. आपली वाटी वजनकाट्यावर रिकामी ठेवा, मग पाण्याने भरून ठेवा. जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर ती वाटी. एकदा हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला की पुढची सगळी प्रमाणं इतरांच्या उपयोगाची होतात. पीठ आणि साखर मात्र वजनातच सांगा, त्यांची एक वाटी सारख्या वजनाची नसते.

पायरी ३: जे मोजता येईल ते मोजा

आता कूलर. यात अंदाज खूप चालतात आणि मोजणं फार सोपं आहे, म्हणून यावर थोडा वेळ घालवतो.

कूलर हवा गार करतो तो पाणी थंड असल्यामुळे नाही, तर पाण्याची वाफ होते म्हणून. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता हवेतून ओढली जाते. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी मोठा डेझर्ट कूलर तासाभरात काही लिटर पाणी सहज संपवतो. त्यापुढे बर्फाचे दोन ट्रे किती पुरणार? सुरुवातीला एक गार झुळूक येते, ती खरीच असते, पण ती टिकत नाही. शिवाय तो बर्फ बनवताना फ्रिजने तेवढी उष्णता घरातच सोडलेली असते. बर्फाची युक्ती इतकी वर्षं फिरते आहे, कारण ती झुळूक सगळ्यांना जाणवते आणि पुढचा तास कुणी मोजत नाही.

कूलर आज किती काम करेल हे घरीच कळू शकतं. भिंतीवर टांगायचे दोन साधे थर्मामीटर घ्या. आधी दोन्ही शेजारी ठेवून सारखाच आकडा दाखवतात का ते बघा. फरक असेल तर लिहून ठेवा. मग एकाच्या फुग्यावर जुन्या सुती साडीची ओली चिंधी गुंडाळा आणि दोन्हींसमोर पंखा लावा. दहा मिनिटांनी ओल्या थर्मामीटरचा आकडा खाली येऊन थांबतो. कूलरची हवा जास्तीत जास्त त्या आकड्याच्या जवळ जाऊ शकते, त्याखाली नाही.

हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला थर्मामीटर २३ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे एकवीस अंशांची जागा कूलरला मिळते. जुलैत हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर ओला थर्मामीटर २९ च्या आसपासच थांबतो. जागा फक्त तीन अंशांची. नागपूरच्या मे महिन्यात राजासारखा चालणारा कूलर पावसाळ्यात अंगाला चिकचिक का आणतो, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. मुंबईतल्या नातेवाइकाला कूलर घ्यायचा सल्ला देण्याआधी त्याला हीच चाचणी करायला सांगा.

खिडकीची युक्ती मात्र खरी आहे, आणि तीही मोजता येते. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तेवढी हवा बाहेर गेली नाही तर खोलीत दमटपणा साचतो आणि वाफ होणं मंदावतं. एकाच दुपारी अर्धा तास समोरची खिडकी बंद ठेवा, अर्धा तास उघडी. थर्मामीटर कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, तुम्ही बसता तिथे ठेवा, आणि दोन्ही वेळा एकाच जागी. उघड्या खिडकीशी अगरबत्ती धरली की धूर बाहेर ओढला जातो की आत येतो तेही दिसतं. धूर आत येत असेल तर दुसरी खिडकी उघडून बघा.

कूलरबद्दल काहीही सांगताना दोन सूचना सोबत द्याच. पाणी भरताना किंवा ताट्या धुताना प्लग काढलेला हवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही; पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नीट असणं जीवाचा प्रश्न आहे. दुसरं, आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा घासून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, आणि त्याची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटलेली राहतात, त्यामुळे नुसतं पाणी बदलून उपयोग नाही.

पायरी ४: काळाची परीक्षा लावा

काही शोध पहिल्या दिवशी सुंदर दिसतात आणि महिन्याभरात विटतात. रंगांचं तसंच होतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये उमरेडकडे किंवा रामटेककडे निघालात तर पळस पेटलेला दिसतो. फुलं झाडावरची तोडू नका, खाली पडलेली पुष्कळ असतात आणि वरची पाखरांची आहेत. दोन मुठी पाकळ्या बुडतील एवढ्या पाण्यात रात्रभर भिजवा, किंवा स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळा आणि गाळा. लोखंडी कढई टाळा, लोहामुळे रंग काळपटतो.

गाळलेला रंग काचेच्या तीन वाट्यांत घाला. एक तशीच ठेवा, दुसऱ्या वाटीत चिमूटभर तुरटी, तिसरीत चिमूटभर खाण्याचा सोडा. सोड्याची वाटी बघता बघता गडद नारिंगीकडे झुकते. एकाच कागदावर तिन्हींच्या पट्ट्या ओढा आणि प्रत्येक पट्टीखाली पेन्सिलीने काय घातलं ते लिहा. मुलांसोबत करायला याहून चांगली दुपार मला माहीत नाही.

पण इथेच थांबून "पळसाचा जलरंग" म्हणून सांगू नका. पट्ट्यांचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाका आणि तो कागद उन्हाच्या खिडकीत ठेवा. दर आठवड्याला काळा कागद उचलून झाकलेला आणि उघडा भाग ताडून बघा. नागपूरच्या उन्हापुढे कोणती पट्टी किती टिकते ते तुमच्या डोळ्यांसमोर येईल. भिंतीवर लावायच्या चित्राला चालणारा रंग आणि वहीच्या आतल्या पानावरच टिकणारा रंग यांतला फरक वाचणाऱ्याला आधी कळला, तर त्याची मेहनत वाया जात नाही. पातळ रंग फ्रिजबाहेर लवकर बुरसतो, तेही सांगा. आणि होळीसाठी सांगत असाल तर सोडा किंवा चुना घातलेला रंग अंगासाठी नाही हे स्पष्ट लिहा. साधा रंगही आधी मनगटावर लावून बघायला सांगा.

पायरी ५: फोटो आणि व्हिडिओ

महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही. फोनची काच सुती कापडाने पुसा, बहुतेक धुरकट फोटो बोटांच्या ठशांमुळेच येतात. घरातले दिवे बंद करा आणि वस्तू खिडकीच्या बाजूला ठेवा, म्हणजे उजेड एका बाजूने पडेल. दुपारचं आपलं ऊन फार कडक असतं, सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर फोटो घ्या. रंग दाखवायचा असेल तर शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला रंगाचा अंदाज येतो. आकार दाखवायला पट्टी किंवा चमचा ठेवा.

आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच जागेवरून, दिवसाच्या त्याच वेळेला घ्यायचा. फरशीवर चिकटपट्टीची खूण केली की काम सोपं होतं. व्हिडिओत तयार झालेली गोष्ट पहिल्या काही सेकंदांत दाखवा, मग कृती. आवाज घेताना पंखा आणि कूलर बंद ठेवा, नाहीतर बोलणं ऐकूच येत नाही. बिघडलेल्या वाटीचा फोटोही ठेवा. फाटलेलं दूध कसं दिसतं हे कळलं की माणूस वेळीच थांबतो.

फोटोत दुसऱ्याचं मूल, गाडीचा नंबर, दारावरची पाटी येत नाही ना, ते पाठवण्याआधी पाहा. फोनमधली ठिकाणाची नोंदही बंद करता येते, ती बंद करा.

पायरी ६: लिहिणं

टायपिंगचा कंटाळा असेल तर फोनच्या कीबोर्डवर मराठीत बोलून लिहिता येतं आणि ते आता बरंच नीट उमटतं. मात्र दीड, अडीच, पाऊण हे शब्द आणि सगळे आकडे पुन्हा वाचा. दीड चमचा तुरटीचे अडीच चमचे झाले तर वाचणाऱ्याचा रंग वाया जाईल.

लिहिताना पहिल्याच ओळीत काय मिळणार ते सांगा, मग साहित्य आणि प्रमाण, मग कृती, आणि शेवटी मर्यादा. बासुंदीची नोंद मी अशी लिहीन:

"थंड बासुंदीत संत्र्याचा गर. १ लिटर फुल क्रीम दूध आटवून निम्मं करा. साखर ८० ग्रॅम. गॅस बंद करून एका संत्र्याची किसलेली साल, फक्त केशरी भाग, पाव चमचा. फ्रिजमध्ये ४ तास. वाढायच्या आधी २ संत्र्यांचा गर, पापुद्रा आणि बिया काढून. गर घातल्यावर पुन्हा गरम करू नका, फाटते. त्याच दिवशी संपवा. संत्री फेब्रुवारीतली, मृग बहाराची. हिरवट, आंबट फळांवर करून पाहिलेलं नाही."

शेवटची ओळ सर्वांत मोलाची आहे. जे तपासलं नाही ते तसं लिहिल्याने लेख कमजोर होत नाही. वाचणाऱ्याकडे आंबट संत्री असली तर त्याला आपण नव्या वाटेने जातोय हे कळतं, आणि कदाचित तोच तुम्हाला उत्तर कळवतो.

आजाराबद्दल दावे मात्र अजिबात करू नका. संत्र्याच्या सालीचा चहा चवीला छान लागतो, एवढंच तुम्ही तपासलेलं आहे. त्याने अमुक दुखणं बरं होतं हे तुमच्या स्वयंपाकघरात तपासता येत नाही.

पायरी ७: ज्याचं त्याला श्रेय

युक्ती शेजारच्या काकूंची असेल तर तसं लिहा, आणि नाव घालायचं की नाही ते त्यांना विचारा. सावजी रस्सा शिकलात तर जास्त जपा. हलबा-कोष्टी समाजाच्या घरांतून आलेल्या या स्वयंपाकात मसाल्याचं माप घराघरात राखलेलं असतं, काहींचा तो रोजीरोटीचा भाग असतो. कुणी विश्वासाने दाखवलेलं माप परवानगीशिवाय जगापुढे मांडणं बरोबर नाही. तुम्ही स्वतः चार प्रयत्न करून काढलेलं माप तुमचं, ते खुशाल सांगा.

पायरी ८: वेळेवर सांगा

याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. कूलरची खिडकी चाचणी मार्चच्या शेवटी सांगा, लोक ताट्या बदलायला काढतात तेव्हा. पळसाची कृती फुलं पडायला लागली की लगेच. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाला, लाकडी नंदी सजवायची नवी कल्पना असेल तर निदान दोन आठवडे आधी, म्हणजे घरच्यांना सामान आणायला वेळ मिळतो. पोळा झाल्यावर ती वर्षभर पडून राहते. वहीच्या मागच्या पानावर बारा महिने लिहून प्रत्येकासमोर आपल्या नोंदी मांडल्या की काय केव्हा पाठवायचं ते आपोआप दिसतं.

पहिल्यांदा सगळ्यांना पाठवू नका. दोन-तीन जण निवडा: एक रोज करणारा, एक ज्याला ते काम अजिबात येत नाही असा, आणि जमलं तर एक नागपूरबाहेरचा. अजिबात न येणाऱ्यासमोर बसून त्याला नुसतं वाचून करू द्या आणि मध्ये बोलू नका. तो जिथे अडतो, तिथे तुमचं वाक्य अपुरं आहे. तेवढीच वाक्यं दुरुस्त करा.

पायरी ९: परत आलेलं नोंदवा

"मस्त!" एवढा निरोप आला तर आनंद होतो, पण त्यातून काही कळत नाही. म्हणून नेमकं विचारा: दूध कोणतं होतं, फ्रिजमध्ये किती वेळ होतं, संत्री केव्हाची? जमलं नाही म्हणणाऱ्याला आधी धन्यवाद द्या आणि हेच प्रश्न त्याला जास्त आस्थेने विचारा. कोकणातल्या कुणाचा ओला थर्मामीटर खाली येतच नसेल, तर कूलरच्या नोंदीत "दमट गावी उपयोग नाही" ही ओळ लगेच घाला.

दुरुस्ती करताना जुनी ओळ पुसून टाकू नका. खाली तारीख घालून "बदल" असं लिहा आणि काय बदललं, कुणाच्या अनुभवावरून बदललं ते नोंदवा. आधी ज्यांना पाठवलं त्यांना तोच बदल पुन्हा पाठवा, कारण त्यांच्यापैकी कुणीतरी तुमची जुनी ओळ पुढे दहा जणांना दिलेली असते.